वाहनाचा मागचा आकार आणि हवेचा रोध

उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने आलेली एसटी फलाटाला लागली की तिच्याकडे मागून पाहावे. पुढच्या काचेवर धूळ बेताची, बाजूच्या पत्र्यावर खालच्या अंगाला थोडी. पाठ मात्र टपापर्यंत माखलेली, इतकी की पोरे बोटाने त्यावर नावे लिहितात. चाकांनी धूळ उडवली ती मागे. बस तर पुढे निघून गेली होती. मग ती धूळ परत फिरून बसच्याच पाठीवर कशी येऊन बसली? वडापच्या जीपमधून मागच्या दारापाशी बसून प्रवास केलेल्यांना हा प्रश्न अंगावरून माहीत आहे: ड्रायव्हरशेजारचा माणूस होता तसा उतरतो आणि मागचा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा.

याचे उत्तर नीट समजले की वाहनाच्या मागच्या आकाराने इंधन कसे वाचते तेही समजते, कारण दोन्ही गोष्टी एकाच प्रवाहामुळे घडतात. या टिपणासाठी बर्नुलीचे समीकरण आणि सीमास्तराची जुजबी ओळख पुरेशी आहे.

नाक की शेपूट?

वर्गात मी सुरुवातीला एक काम सांगते: हवेचा रोध कमीत कमी होईल अशी गाडी काढा. बहुतेक वह्यांमध्ये नाक भाल्यासारखे टोकदार निघते आणि मागची बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ. हवा "कापायची" असते, हा समज आपल्या मनात पक्का बसलेला आहे.

आता पाठ्यपुस्तकातले आकडे पाहू. ड्रॅग म्हणजे हवेचा रोध आपण असा मोजतो:

ड्रॅग बल = ½ × हवेची घनता × ड्रॅग गुणांक × पुढचे क्षेत्रफळ × (वेग)²

यातला ड्रॅग गुणांक आकारावर ठरतो. मध्यम वेगाच्या प्रवाहात गुळगुळीत गोलाचा गुणांक सुमारे ०.४७ असतो. त्याच गोलाच्या मागे हळूहळू निमुळती होत जाणारी शेपटी जोडली, म्हणजे पाण्याच्या थेंबाचे जे चित्र आपण काढतो तसा आकार केला, तर गुणांक ०.०४ ते ०.०५ वर येतो. पुढची बाजू दोन्हींची तीच, गोल आणि बोथट. दसपट फरक पडला तो केवळ मागच्या आकाराने.

तिसरा आकडा त्याहून बोलका आहे. गोल मधोमध कापून अर्धा केला आणि त्याची फुगीर बाजू पुढे, सपाट बाजू मागे ठेवली, तर गुणांक ०.४२ च्या आसपास मिळतो, म्हणजे पूर्ण गोलाएवढाच, किंबहुना थोडा कमी. याचा अर्थ, मागची बाजू नुसती गोल केल्याने काहीच पदरात पडत नाही. बसची पाठ फुगीर आणि गुळगुळीत केली की ती "एरोडायनॅमिक" झाली, असे बॉडी बांधणारे सांगतात आणि घेणारेही मानतात. दिसायला ती छान दिसते, एवढेच.

पुढची बाजू बिनमहत्त्वाची आहे असे मात्र नाही. अमेरिकेत नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७० च्या दशकात एका व्हॅनवर सपाट पत्र्यांची चौकोनी पेटी बसवून रस्त्यावरच चाचण्या झाल्या. पुढच्या काटकोनी कडा गोलाकार केल्याबरोबर तिचा ड्रॅग निम्म्याच्या आसपास आला. पण हे काम तेवढ्यावर संपते. कडा पुरेशा गोल झाल्या की पुढून मिळण्यासारखे फारसे उरत नाही, आणि आजच्या बहुतेक बसगाड्यांनी तेवढे केलेले आहे. उरलेला रोध पाठीमागे आहे.

पाठीमागे काय घडते

एक प्रयोग घरी करून पाहा. टेबलावर मेणबत्ती लावा. तिच्यापुढे चार बोटांवर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा उभा धरा आणि पुठ्ठ्यावर समोरून जोरात फुंका. ज्योत तुमच्यापासून दूर न झुकता पुठ्ठ्याकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने झुकेल. आता पुठ्ठ्याच्या जागी गोल बाटली ठेवून तसेच फुंका. फुंकर बाटलीला वळसा घालून ज्योत विझवते. पुठ्ठ्याच्या मागे हवा उलट वाहते हे ज्योतीने दाखवले. एसटीच्या पाठीवरची धूळ तेच दाखवत असते.

कारण असे. बसच्या टपावरून आणि बाजूंवरून सरकणारी हवा मागच्या कडेपाशी येते. पत्रा तिथे एकदम काटकोनात वळतो. हवेला तेवढे चटकन वळता येत नाही. ती पत्रा सोडून तशीच पुढे जाते आणि बसच्या मागे एक पोकळी उरते. ही पोकळी रिकामी नसते. बाजूने जाणारा वेगवान प्रवाह तिच्यातली हवा सतत ओढून नेत असतो, आणि ती भरून काढण्यासाठी मागची हवा उलटी येत असते. या घोळणाऱ्या हवेच्या पट्ट्याला वेक म्हणतात. चाकांनी उडवलेली धूळ वेकमध्ये सापडली की घोळत घोळत पाठीवर येते. हॅचबॅक गाडीच्या मागच्या काचेला वायपर असतो आणि लांब डिकीच्या सेदानला बहुधा नसतो, त्याचेही कारण हेच. सेदानची मागची काच वेकच्या वर राहते.

हवा सतत ओढली जात असल्यामुळे वेकमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. किती कमी? ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या बसच्या सपाट पाठीवर ही घट साधारण ५० ते ६० पास्कल धरता येईल. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, त्यापुढे हे काहीच नाही. इमारतीच्या तळमजल्यापासून पाच मीटर वर गेलात की हवेच्या दाबात तेवढाच फरक पडतो आणि तुम्हाला तो जाणवतही नाही. पण बसची पाठ साडेसात चौरस मीटरची असते. ५६ पास्कल गुणिले ७.५ म्हणजे ४२० न्यूटन, अर्थात ४३ किलो वजनाएवढा जोर बसला अखंड मागे ओढत राहतो. आठवी-नववीतले एक मूल दोर धरून बसच्या मागे लोंबकळत आहे असे समजा. घाटातही आणि सपाटीवरही.

म्हणून मागच्या आकाराचे काम दोन प्रकारचे आहे: वेकचा आडवा छेद लहान करायचा, आणि पाठीवरचा दाब शक्य तेवढा वाढवायचा. प्रवाहाला हळूहळू आत वळवले तर दोन्ही साधते. वळताना प्रवाहाचा वेग कमी होतो, बर्नुलीप्रमाणे दाब वाढतो, आणि हा वाढलेला दाब गाडीला मागून हलकेच ढकलतो. मात्र वाढत्या दाबाच्या दिशेने जाताना सीमास्तर थकतो. पृष्ठभाग १० ते १५ अंशांपेक्षा जास्त आत वळवला की तो पत्रा सोडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. थेंबाची शेपटी लांबलचक असते ती त्यामुळेच.

शेपूट कापण्याची युक्ती

झेपेलिन हवाई जहाजांच्या कामातून आलेल्या पॉल यारे या अभियंत्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला थेंबाच्या आकाराच्या मोटारींचे पेटंट मिळवले. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीची १९३४ ची टी-७७ ही मोटार त्याच विचारातून आली. अशा गाड्यांचे दुखणे उघड आहे. शेपूट खरेच उपयोगी हवे तर गाडी फार लांब होते. ती वळवायची कशी, उभी कुठे करायची, आणि त्या निमुळत्या टोकात बसणार कोण?

यातून वाट निघाली ती मोटारीच्या आधी बसमधून, हे मला नेहमी गमतीचे वाटते. जर्मनीत राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सेनफेल्ड बसच्या वायुरूप आकारावर काम करत होते. त्यांना असे आढळले की टप थेंबासारखे हळूहळू उतरवत न्यायचे आणि प्रवाह अजून पत्र्याला धरून आहे तेवढ्यातच शेपूट सरळ उभे कापून टाकायचे. ड्रॅग फारसा वाढत नाही. कापलेल्या जागी वेक तयार होतो खरा, पण त्याचा छेद लहान असतो, आणि थेंबाचे उरलेले टोक जणू हवेचेच बनते. त्यांनी याचे पेटंट घेतले. पुढे श्टुटगार्टमधल्या वुनिबाल्ड काम यांच्या संस्थेत या कल्पनेच्या मोटारी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाल्या आणि आकाराला "काम टेल" हे नाव पडले. कल्पना एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हे विज्ञानात नवीन नाही.

काम टेलमध्ये विद्यार्थ्यांचे हमखास दुर्लक्ष होते ते कापलेल्या कडेकडे. ती कड धारदार हवी. कड गोल ठेवली तर प्रवाह तिच्याभोवती थोडा वळतो, वळताना वेग घेतो, तिथला दाब उतरतो आणि तो उतरलेला दाब गाडीला मागे खेचतो. शिवाय गोल कडेवर प्रवाह नेमका कुठे सुटेल याचा भरवसा नसतो. पुढची कड गोल आणि मागची कड तीक्ष्ण, हा नियम वहीत ठळक लिहून ठेवा. टोयोटा प्रियसच्या पाठीची उभी धार, किंवा आजच्या अनेक गाड्यांच्या टेललाइटच्या बाजूने उतरणारी कड ही नुसती नक्षी नसते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीचा गुणांक ०.२६ होता; जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ या १९९६ च्या विजेवरच्या मोटारीचा ०.१९.

तीस अंशांचे कोडे

आतापर्यंतच्या विवेचनावरून वाटेल की मागचा उतार जितका कमी तितके चांगले, आणि उतार वाढवला की ड्रॅग हळूहळू वाढत जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे.

१९७४ मध्ये आलेली गोल्फ मोटार घडत असताना फोक्सवॅगनमध्ये यानसेन आणि हुखो यांना दिसले की मागच्या काचेचा कल सुमारे ३० अंशांजवळ नेला की ड्रॅग अचानक उसळतो आणि त्यापुढे गेला की पुन्हा खाली येतो. पुढे मोरेल यांनी साध्या आकारांवर हे तपासले. १९८४ मध्ये अहमद, राम आणि फाल्टिन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा नमुना म्हणजे १०४४ मिलिमीटर लांब, ३८९ रुंद आणि २८८ उंच असा, पुढून गोल केलेला ठोकळा. टपाची मागची २२२ मिलिमीटरची फळी हव्या त्या कोनात तिरपी बसवता येई. "अहमद बॉडी" या नावाने हा ठोकळा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, आणि वायुप्रवाहाच्या संगणकीय गणिताची परीक्षा घ्यायची तर पहिला पेपर हाच असतो.

त्यांना मिळालेले आकडे असे. फळी सपाट, म्हणजे शून्य अंश: गुणांक ०.२५. साडेबारा अंश: ०.२३, सर्वांत कमी. तीस अंश: ०.३७८. आणि त्याच तीस अंशांवर मागचा प्रवाह एका उभ्या पट्टीने बिघडवला की ०.२६!

हे असे का व्हावे? उतार १२ अंशांच्या आसपास असताना हवा फळीला धरून उतरते, दाब परत मिळतो, वेक लहान होतो. उतार वाढत गेला की फळीवरचा दाब टपाच्या कडेपाशी बराच खाली जातो, पण बाजूच्या पत्र्यांवरचा दाब तेवढा उतरत नाही. त्यामुळे बाजूची हवा फळीच्या तिरप्या कडांवरून आत मुरडते आणि दोन्ही कडांना पिळदार भोवरे तयार होतात. विमानाच्या पंखांच्या टोकांपाशी होतात त्याच जातीचे. हे भोवरे मधल्या हवेला खाली दाबतात, म्हणून एरवी फळी सोडून गेली असती ती हवा तीस अंशांपर्यंत कशीबशी फळीला चिकटून राहते. वरवर हे चांगले वाटते. पण भोवऱ्यांच्या पोटात दाब फार कमी असतो, आणि तिरपी फळी मागे व वर तोंड करून असते. तिच्यावरचा कमी दाब गाडीला मागे ओढतो आणि वर उचलतो. तीस अंशांपुढे हा डोलारा कोसळतो: हवा टपाच्या कडेलाच सुटते, भोवरे दुबळे होतात, मागे एकच मोठा वेक उरतो आणि ड्रॅग सपाट पाठीच्या गाडीइतका होतो.

तेव्हा, "प्रवाह पृष्ठभागाला धरून राहिला म्हणजे ड्रॅग कमी" हे वाक्य परीक्षेत डोळे झाकून लिहू नका. तो धरून कशामुळे राहिला आहे ते आधी पाहा.

उचल या दुसऱ्या बलाचाही विसर पडू नये. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या ऑडी टीटीची पाठ मोठी देखणी, गोल उतरती होती. जर्मनीतल्या महामार्गांवर भर वेगात तिची मागची चाके हलकी पडू लागली, अपघात झाले, आणि कंपनीने गाड्या परत बोलावून मागे लहानसा स्पॉयलर बसवला. चेन्नईच्या पुदुपेटमध्ये किंवा कुठल्याही शहराच्या सुट्या भागांच्या बाजारात स्पॉयलर म्हणून जो उंच पंख विकतात तो मात्र वेगळा प्राणी आहे. शर्यतीच्या गाडीला तो ड्रॅग वाढवून का होईना, जमिनीवर दाबून ठेवतो. तुमच्या हॅचबॅकला तो फक्त ड्रॅग देतो. टपावर चिकटवायच्या छोट्या पाकळ्यांचेही असेच. मित्सुबिशीने २००४ मध्ये त्यांच्यावर पद्धतशीर काम केले आणि गुणांकात ०.००६ ची घट मिळवली. तीही त्या एका गाडीच्या टपाला जुळवून घेतलेल्या जागी.

एका बसचा हिशेब

मी राहते त्या नुंगंबाक्कममध्ये, कॉलेज रोडवर, हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. १७९२ मध्ये मद्रास वेधशाळा याच भागात उभी राहिली. बातम्यांत चेन्नईच्या तापमानाचे जे दोन आकडे येतात, नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम, त्यांतला पहिला इथला. आपल्या गणितात हवेची घनता लागते, आणि पुस्तकात दिलेली १.२२५ ही घनता १५ अंश सेल्सिअसची आहे. तसा दिवस इथे उगवत नाही. ३५ अंश तापमान आणि १००५ हेक्टोपास्कल दाब धरून घनता १.१४ किलोग्रॅम प्रति घनमीटर येते. म्हणजे नुसत्या उकाड्यामुळे आपला ड्रॅग सात टक्क्यांनी कमी. चेन्नईच्या उन्हाळ्याचा हा एवढाच फायदा माझ्या लक्षात आला आहे.

एक बस घेऊ. पुढचे क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर, ड्रॅग गुणांक ०.६५, प्रवाशांसह वजन १४ टन, चाकांच्या लोळण्याच्या रोधाचा गुणांक ०.००८. हे आकडे उदाहरणापुरते, पण वाजवी आहेत. लोळण्याचा रोध सगळ्या वेगांना जवळजवळ सारखाच, सुमारे ११०० न्यूटन.

नुंगंबाक्कम हाय रोडवर गर्दीच्या वेळी बसने २० चा वेग गाठला तरी पुष्कळ. त्या वेगाला हवेचा रोध ८६ न्यूटन, म्हणजे लोळण्याच्या रोधाचा तेरावा भाग. इथे बसची पाठ कशीही असो, डिझेलला फरक पडत नाही. शहरी बससाठी आकाराचा खर्च सुचवणाऱ्याला सरळ नाही म्हणावे.

तीच बस महामार्गावर ८० ने जाऊ लागली की वेग चौपट, रोध सोळापट: १३७० न्यूटन. आता हवा लोळण्याच्या पुढे गेली. ती बाजूला सारण्यासाठीच ३० किलोवॅट खर्च होतात. मागचा आकार सुधारून यात दहा टक्के कपात झाली असे धरू, म्हणजे १३७ न्यूटन. प्रत्येक किलोमीटरला १३७ किलोजूल वाचले. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल असतात आणि त्यांतले ३५ टक्के चाकांपर्यंत पोचतात, असे घेतले तर बचत १०० किलोमीटरला १.१ लिटर. दिवसाला ३०० किलोमीटर धावणाऱ्या बसने त्यातले निम्मे अंतर या वेगाने कापले तर दिवसाला दीड लिटरहून थोडे अधिक, आणि वर्षाचे ३०० दिवस धरून ४९० लिटर. एका गाडीचे. आगारात अशा पन्नास गाड्या असतील तर गुणाकार तुम्ही करा.

विजेच्या बससाठी हाच हिशेब अधिक टोचतो. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी ज्या पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला "शिवाई" ही विजेवरची बस सुरू झाली. विजेची गाडी ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत घेते. हवेला दिलेली ऊर्जा मात्र परत मिळत नाही. ती मागे भोवऱ्यांत जिरून जाते. डिझेल गाडीत इंजिनातच एवढे वाया जाते की हवेचा वाटा झाकला जातो. विजेच्या गाडीत तो उघडा पडतो. किलोमीटरला साधारण एक युनिट वीज खाणाऱ्या बसला आपल्या १३७ न्यूटनांची बचत, मोटर आणि गिअरचा तोटा धरून, महामार्गावर साडेचार टक्के जास्त अंतर देते. तेवढे अंतर बॅटरी वाढवून मिळवायचे तर बॅटरीचे पैसे आणि वजन दोन्ही वाढते.

मोटार कंपन्यांनी हे ओळखले आहे. २६ नोव्हेंबर २०२४ ला महिंद्राने चेन्नईत बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या दाखवल्या. त्या चाकणला बनतात. कंपनीचे संशोधन केंद्र आमच्या दक्षिणेला चेंगलपट्टूजवळ आहे. एक्सईव्ही ९ई चे टप मागे उतरत जाऊन उंच, तोकड्या डिकीवर संपते. टाटांच्या कर्व्हचाही रोख तोच. जाहिरातीत याला कूपे म्हणतात आणि मागे बसणाऱ्याचे डोके टपाला टेकते का यावर चर्चा होते. त्या उताराचे एक कारण आपण वर साडेबारा अंशांपाशी पाहिले.

पाचवा प्रवासी

मग एसटीची पाठ अशी का करत नाहीत? एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे बस बांधल्या गेल्या. तिथल्या कारागिरांना पत्रा वाकवता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. अडचण दुसरी आहे. शेवटच्या एक मीटरमध्ये दोन्ही बाजू १० अंशांनी आत घेतल्या तर बसची रुंदी मागच्या टोकाला ३५ सेंटिमीटरने घटते. २.६ मीटरचे २.२५ होतात. मागच्या लांब बाकावर पाच जण बसतात, त्यांतला एक उठवावा लागतो. त्या पाचव्या माणसाचे वर्षभराचे तिकीट ४९० लिटर डिझेलपेक्षा जास्त भरते की कमी, हा प्रश्न द्रव्याचा आहे आणि उत्तर मार्गागणिक बदलेल. भरगच्च चालणाऱ्या गाडीत माणूस महाग पडेल, असे मला वाटते.

टपाचे तसे नाही. एक मीटरमध्ये टप १० अंशांनी उतरवले तर उंची १८ सेंटिमीटरने कमी होते, आणि ती मागच्या बाकावर बसलेल्यांच्या डोक्यावरची. तिथे कोणी उभे राहत नाही. तेव्हा टपाचा उतार, मागच्या उभ्या कडांना तीक्ष्ण धार, आणि जुन्या गाड्यांवर सामान चढवायला असे तशी शिडी किंवा कॅरिअर नसणे, एवढे तरी बाकाला हात न लावता होते.

बाहेरून पट्ट्या लावण्याचा मार्गही आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रेलरांना मागे घडीच्या फळ्या लावतात. उघडल्या की त्या आत झुकलेली चौकट बनतात, माल उतरवताना मिटतात. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशात अशा फळ्यांना ट्रकच्या कमाल लांबीच्या मर्यादेतून सूट देण्याची वाट केली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९३ वा नियम लांबी-रुंदी आणि मागे निघणारा भाग यांवर बंधन घालतो, म्हणून जोडणी करण्याआधी तो वाचावा. बसला आणखी एक अट: मागची आपत्कालीन खिडकी अडता कामा नये. डिझेल वाचवण्यासाठी ती वाट बंद करणारा आराखडा माझ्या टेबलावर आला तर मी तो पुढे वाचत नाही. इंजिन मागे असलेल्या बसमध्ये त्याला थंड हवा कुठून मिळते तेही पाहावे लागते.

आपल्या मालट्रकांना मात्र आजच शेपूट लावायची घाई नको. केबिन आणि हौद्यामधली उघडी फट, फडफडणारी ताडपत्री, हौद्याबाहेर आलेला माल यांचा रोध आधी आवरायला हवा. तोवर ट्रकची सपाट पाठ रंगाऱ्यांच्या कामी येते आहे.

मोजायचे कसे

प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यांना वाऱ्याचे बोगदे सहसा मिळत नाहीत, आणि न मिळाल्याने अडतही नाही. पहिली पायरी लोकरीची. दहा-बारा सेंटिमीटरचे लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने टपाच्या मागच्या भागावर, बाजूंवर आणि पाठीवर लावा, शेजारून दुसऱ्या गाडीतून चित्रण करा. धागा मागे सरळ ताठ असेल तिथे प्रवाह पत्र्याला धरून आहे. सैरभैर नाचत असेल किंवा पुढे वळला असेल तिथे सुटला आहे. उतार १० चा ठेवावा की १५ चा, हे एका दुपारीत कळते.

दुसरी पायरी गाडी मोकळी सोडण्याची. सपाट, सरळ, रहदारी नसलेल्या पट्ट्यावर, परवानगी घेऊन, ८० चा वेग गाठा, गिअर न्यूट्रल करा आणि वेग कसा उतरतो ते सेकंदागणिक नोंदवा. मंदन गुणिले वस्तुमान म्हणजे एकूण रोध. जास्त वेगाच्या टोकाला हवेचा वाटा मोठा, कमी वेगाला लोळण्याचा. दोन्ही टोकांवरून ते वेगळे काढता येतात. दोन्ही दिशांनी धावा घ्या, म्हणजे वाऱ्याचा आणि सूक्ष्म चढाचा परिणाम बराचसा कटतो. टायरमधली हवा आणि टाकीतले डिझेल दर वेळी सारखे ठेवा.

आपल्या उदाहरणात ८० च्या वेगाला एकूण रोध २४७० न्यूटन आहे आणि शोधायचा फरक १३७ न्यूटनांचा, म्हणजे साडेपाच टक्के. समोरून ताशी तीन किलोमीटरची झुळूक आली तर हवेचा रोध साडेसात टक्क्यांनी, म्हणजे शंभर न्यूटनांनी वाढतो. एवढ्या झुळुकीने झाडाचे पानही धड हलत नाही. त्यामुळे एकेका जोडणीच्या दोन-तीन धावा करून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक दिशेला निदान दहा घ्या, त्यांची सरासरी आणि पसारा दोन्ही मांडा, आणि वेळ पहाटेची निवडा. किनाऱ्यावरच्या शहरात दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मोजणी थांबवून परत यावे.